गटारीनंतरचे चार दिवस आणि त्यापुढचं वर्ष

आषाढ संपत आला की दरवर्षी एकाच चालीचे प्रश्न माझ्याकडे येऊ लागतात. "ताई, ह्यांनी श्रावणात सोडायचं कबूल केलंय, एखादी गोळी सांगा." "भाऊ ऐकतच नाही, कुठल्या केंद्रात टाकू?" "त्याला न कळता जेवणातून देता येईल असं काही मिळतं का?" आणि शेवटी, दबक्या आवाजात, "हे मेंटलचं तर नाही ना?"

विचारणारा डोळखांबचा असो की धसईचा, अडतं एकाच जागी. आधी कुठं जायचं, खर्च किती येईल आणि नेलेल्या माणसाला कोंडून तर ठेवणार नाहीत? सुटी उत्तरं देत बसण्यापेक्षा शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या घरांसाठी सगळं एकत्र लिहिते आहे. पण आधी एक दिवस सांगते, कारण बाकीचं सगळं त्याला धरून आहे.

काही वर्षांपूर्वी श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी एका सरकारी दवाखान्यात मी बसले होते. मेहुण्यानं जीपमधून चाळिशीच्या एका माणसाला आणलं. अंग घामानं चिंब, हात थरथरत होते आणि तो स्वतःच्या सदऱ्यावरून काहीतरी वेचून खाली टाकत होता. "मुंगळे काढ गं, मुंगळे," असं बायकोला सांगत होता. सदऱ्यावर काही नव्हतं. मनगटात नवा काळा दोरा होता, बायकोच्या पदराच्या गाठीत लिंबू. आदली रात्र भगताकडं गेली होती. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "शेवटची कधी घेतली?" बाईनं बोटांवर मोजलं. "गटारीला. तीन रात्री झाल्या."

बाहेरचं काही झालेलं नव्हतं. पंधरा वर्षं रोज पिणाऱ्या माणसानं गटारीला भरपूर घेतली आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला म्हणून एकदम बंद केली. सोडली हे चांगलंच केलं. फक्त दवाखान्याला न विचारता सोडली. सहाव्या दिवशी तो चालत घरी गेला. एक दिवस आणखी भगताकडं काढला असता तर असं लिहिता आलं असतं की नाही, सांगता येत नाही.

रोज पिणाऱ्यानं एकदम का थांबवू नये

शपथ, माळ, बैठक, नवस यांनी माणसं दारू सोडतात. आपल्या भागात अशी कितीतरी घरं मी पाहिली आहेत आणि मला त्याचा आदर आहे. पण मन कितीही पक्कं असलं तरी शरीर आपल्या चालीनं चालतं. वर्षानुवर्षं रोज दारू मिळत असलेल्या मेंदूला ती एकाएकी मिळेनाशी झाली की साधारण असं होतं:

- पहिले सहा ते चोवीस तास: हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप न लागणं, चिडचिड.
- पहिले दोन दिवस: काहींना फिट येते. आधी कधीही आली नसली तरी येऊ शकते.
- दुसऱ्या ते चौथ्या दिवसात: काहींना भास होतात, वेळ-जागेचं भान सुटतं, ताप चढतो. उपचार न झाल्यास जीव जाऊ शकतो.

प्रत्येकाचं असं होत नाही. अधूनमधून घेणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही. पण जो सकाळी उठल्या उठल्या "हात थांबवायला" घेतो, ज्याला पूर्वी सोडताना फिट आली आहे, ज्याचं वय झालंय, किंवा ज्याला कावीळ, टीबी, साखर असा दुसरा आजार आहे, त्यानं घरी प्रयोग करू नये. म्हणूनच दवाखान्यात जायचं ठरलं असेल, तर त्या दिवसापर्यंत घरच्यांनी बाटली फोडून टाकायची घाई करू नये, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी सांगते.

फिट, भास, असंबद्ध बोलणं, रक्ताची उलटी, काळी शी किंवा शुद्ध हरपणं, यांतलं काहीही दिसलं तर थेट १०८ ला फोन लावा. डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं ते हे: "रोज प्यायचा, अमुक दिवशी, अमुक वाजता बंद केली." या एका वाक्यानं अर्धं निदान होतं. ते सांगितलं नाही तर डोक्याला मार, मेंदूज्वर, मलेरिया असा शोध सुरू होतो आणि तास निघून जातात.

आणखी एक. गावाकडं अशक्त माणसाला "एक बाटली चढवा" म्हणायची पद्धत आहे. अनेक वर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्वाची तूट असते. त्याला बी-१ चं इंजेक्शन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. खासगीत कुणी सलाइन लावत असेल तर "हा दारू पितो, बी-१ दिलंत का?" एवढं विचारा. डॉक्टर रागावले तरी चालेल.

दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी अंधुक दिसू लागलं, पोटात कळा आल्या, श्वास जड झाला, तर ती सोडल्याची लक्षणं नव्हेत. ते विषारी दारूचं लक्षण असू शकतं. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभरावर माणसं गेली. "झोपला की उतरेल" म्हणून वाट पाहू नका, आणि त्याच्याबरोबर जे जे प्यायले त्यांनाही उठवून दवाखान्यात न्या.

कुठं जायचं: घराजवळून सुरुवात करा

पहिला विचार येतो केंद्राचा. माझं म्हणणं, केंद्राआधी दवाखाना. ओपीडीत येऊन, गोळ्या घेऊन, घरी राहूनही पुष्कळ जण सोडतात. सगळ्यांना महिनाभर कुठंतरी ठेवावं लागत नाही.

१. आशाताई आणि आयुष्मान आरोग्य मंदिर. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याशी बोला. व्यसन, झोप न येणं, सतत उदास वाटणं, फिट यांची प्राथमिक विचारपूस तिथं होऊ शकते. कुणाकडं पाठवायचं आणि मानसिक आजाराचे डॉक्टर कुठल्या दिवशी येतात, हे त्यांना ठाऊक असतं. नसेल तर एका फोनवर ते काढू शकतात.

२. प्राथमिक आरोग्य केंद्र. किन्हवली, कसारा, वाशिंद, धसई, सरळगाव, तुम्हाला जे जवळ असेल ते. सौम्य त्रास असेल तर वैद्यकीय अधिकारी उपचार सुरू करू शकतात किंवा पुढं चिठ्ठी देतात. चिठ्ठी जपून ठेवा.

३. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची रचनाच अशी आहे की मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते यांचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी येतं. दिवस बदलतात, सुट्ट्या मध्ये येतात. शिरोशीहून किंवा टाकीपठारावरून दीड तास प्रवास करून "आज डॉक्टर नाहीत" ऐकण्यापेक्षा आदल्या दिवशी आशाताईकडून खात्री करून निघा.

४. ठाणे. विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय. शहापूरकरांना आसनगावहून लोकल, मुरबाडकरांना एसटीनं कल्याण आणि तिथून गाडी.

प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावानंच घरात शांतता पसरते, म्हणून त्याविषयी थोडं. १९०१ साली सुरू झालेलं हे रुग्णालय. राज्यात अशी चार आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. ठाणे-मुलुंडच्या मधलं नवं रेल्वे स्थानक याच्याच जागेवर होणार म्हणून अलीकडं त्याचं नाव पेपरात येतं. तिथंही बाहेरचे रुग्ण तपासायची ओपीडी असते. केसपेपर काढायचा, दाखवायचं, गोळ्या घ्यायच्या, संध्याकाळच्या गाडीनं घरी. आत पाय ठेवला म्हणजे ठेवूनच घेतात, हा समज सोडून द्या. "मेंटलचं आहे का" या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: हो, व्यसन हा मेंदूचा-मनाचा आजार आहे. तसा तो मानला म्हणूनच त्याला कायद्याचं संरक्षण मिळतं. ते पुढं येईलच.

खर्चाचं म्हणाल, तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरसुद्धा. आधार कार्ड, जुने कागद असतील तर न्या. नसतील म्हणून घरी बसू नका.

फोनवरून

- टेलि-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. मोफत, चोवीस तास, मराठीत. माणूस यायला तयार नसेल तर आधी तुम्ही स्वतः बोला. "मी त्याची बायको बोलतेय" एवढ्यावर सुरुवात होते.
- व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, १४४४६. सरकारी मदतीवर चालणारी केंद्रं कुठं आहेत हे विचारायला.
- तंबाखू सोडण्यासाठी, १८००-११-२३५६. मशेरी लावणाऱ्या आयाबायांनीही करावा. मशेरी तंबाखूचीच असते, आणि गरोदरपणी तीही बाळापर्यंत पोचते.

माळशेजच्या पायथ्याशी रेंज मिळत नाही, हे मला माहीत आहे. बाजाराला आलात की तिथून लावा.

डॉक्टरांपुढं काय सांगायचं

सरकारी ओपीडीत डॉक्टरांसमोर बसायला थोडाच वेळ मिळतो. तो रडण्यात आणि एकमेकांवर आरोप करण्यात जातो. घरूनच वहीच्या एका पानावर लिहून न्या: रोज किती आणि काय (क्वार्टर, देशी, हातभट्टीचे फुगे, मोहाची), सकाळी लागते का, शेवटची कधी घेतली, पूर्वी सोडली तेव्हा काय झालं, फिट, कावीळ, पडून डोक्याला मार, चालू असलेली औषधं, भगताच्या झाडपाल्यासकट, आणि "जगून काय करायचं" असं कधी बोलला आहे का.

प्रमाण खरं सांगा. "घेतो थोडीशी" असं सांगितलं तर औषधाचा डोस थोडासा पडतो आणि तिसऱ्या रात्री फिट येते. देशीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. हातभट्टीत किती, ते गाळणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून फुगे मोजून सांगा.

सुरुवातीच्या दिवसांसाठी मिळणाऱ्या गोळ्या थोड्या दिवसांच्याच असतात आणि कमी करत बंद करायच्या असतात. "बरं वाटलं" म्हणून त्याच गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून चालू ठेवल्या तर त्यांचीच सवय लागते. त्या गोळ्यांवर दारू घेणं तर जिवावर बेततं.

"त्याच्या नकळत" देऊ नका

एसटी स्टँडच्या भिंतीवर, बाजाराच्या वाटेवर जाहिरात असते: पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. घरच्या बाईला ते वाचून आशा वाटते, यात तिची चूक नाही. पण त्या पुडीत काय आहे हे कुणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाची एक खरी गोळी आहे. ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. क्वचित मृत्यूही होतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून डॉक्टर ती माणसाला समजावून, यकृत-हृदय तपासून आणि त्याची संमती घेऊनच देतात. ज्याला आपण गोळी घेतली आहे हेच ठाऊक नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखा गुत्त्यावर जाईल. भाकरीच्या पिठातून दिलेली ती गोळी म्हणजे विषप्रयोगच झाला.

तलफ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत. कुठलं कुणाला चालेल हे यकृताची तपासणी पाहून ठरतं. तो दवाखान्यात यायला तयार नसेल तर "दारू सोड" असा आग्रह धरून सुरुवात करू नका. "पाय सुजलेत, एकदा रक्त तपासू", "झोप लागत नाही ना, दाखवू" म्हणून आणा. डॉक्टरांना खुणेनं सांगा. हे खोटं नव्हे. सूज खरीच असते, झोप खरीच गेलेली असते.

केंद्रात ठेवायचं ठरलं तर

काहींना खरंच राहून उपचार लागतात: घरीच पिणारे तिघे आहेत, ओपीडीत दोनदा प्रयत्न फसला, किंवा माणसाला स्वतःलाच काही दिवस गावापासून लांब राहायचंय. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. मुरबाडकरांना माळशेज चढून आळेफाट्यावरून जाता येतं. तिथला निवासी उपचार पस्तीस दिवसांचा. आधी फोन करून, जागा आणि खर्च विचारून निघा. मनाच्या इतर आजारांसाठी ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आय.पी.एच. ही संस्था आहे.

बाकी केंद्रं गल्लोगल्ली निघाली आहेत. चांगलीही आहेत. पण पैसे भरण्याआधी हे विचारा, आणि उत्तर टाळलं तर उठून या:

- राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? प्रमाणपत्र दाखवा म्हणा. भिंतीवर मंत्र्यांबरोबरचा फोटो म्हणजे नोंदणी नव्हे.
- मानसोपचारतज्ज्ञ कोण, आणि आठवड्यातून किती वेळा येतात?
- पहिल्या आठवड्यात रात्री फिट आली तर कोण बघणार?
- सगळे मिळून किती? औषधं, तपासण्या, जेवण त्यात धरलंय का? पावती मिळेल ना?
- भेटायला कधी येता येईल, फोन कधी करता येईल?
- घरी सोडल्यावर पुढं काय?

एका केंद्रानं माझ्या ओळखीच्या घराला "तुम्ही फक्त पत्ता द्या, आमची पोरं गाडी घेऊन येतील आणि उचलून आणतील" असं सांगितलं होतं. चौघं आले, अंगणातून ओढत नेलं, पोरं बघत होती. माणूस तीन महिन्यांनी परतला तो बायकोशी न बोलणारा होऊन. आठवड्यात पुन्हा सुरू. ज्या केंद्राची ओळखच पकडून नेणाऱ्या गाडीनं होते, तिथं नेऊ नका.

कायदा तुमच्या बाजूनं काय म्हणतो

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था त्यानं मानसिक आजारात धरल्या आहेत, म्हणून हे हक्क व्यसनी माणसालाही आहेत:

- स्वतःहून दाखल झालेला माणूस "घरी जायचंय" म्हणाला तर सोडावं लागतं. काही धोका वाटला तर तपासणीसाठी जास्तीत जास्त चोवीस तास थांबवता येतं.
- तो स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं. पण दोन तज्ज्ञांनी, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासलेलं हवं. मुदत तीस दिवस. पुढं ठेवायचं तर पुन्हा प्रक्रिया, आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची नजर. "वर्षभराचे पैसे भरा, वर्षभर ठेवतो" हा व्यवहार कायद्यात बसत नाही.
- प्रतिनिधी नेमायला वकील लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. माणूस शुद्धीत आणि बरा असतानाच हा कागद करून ठेवा. बायको की भाऊ, यावरून दवाखान्याच्या दारात होणारी भांडणं वाचतात.
- मारणं, साखळीनं बांधणं, सक्तीनं डोकं भादरणं, जबरदस्तीनं काम करून घेणं, यांतलं काहीही चालत नाही. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. वाजवी वेळी, केंद्राच्या नियमांत राहून, भेटीचा आणि फोनचाही.
- त्याच्या आजाराची माहिती गुप्त ठेवायची. "आमच्याकडं बरा झाला" म्हणून संमतीशिवाय फोटो छापता येत नाही.

तक्रार आधी त्याच संस्थेच्या प्रमुखाकडं लेखी, मग मंडळाकडं. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही न्यायालयांत विधी सेवा समितीकडून मोफत वकील मागता येतो. स्त्रिया आणि अनुसूचित जमातीची माणसं यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

गांजा किंवा दुसरा अमली पदार्थ असेल तर घरच्यांना पोलिसांची भीती वाटते. थोड्या प्रमाणात सेवन करणारा स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पुरा केला, तर १९८५ च्या कायद्याच्या ६४अ कलमानं त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. विकणाऱ्याला नाही.

रस्त्यावर भटकणारा, स्वतःचं भान नसलेला कुणी दिसला तर दगड मारणाऱ्या पोरांना हाकला आणि पोलीस ठाण्यात कळवा. त्याला उपचारापर्यंत पोचवणं या कायद्यानं पोलिसांचं काम आहे. शेजारच्या कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा ही संस्था अशाच माणसांना बरं करून घरी पोचवते. वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

वीटभट्टीवर जाणाऱ्यांसाठी

हा भाग मार्गदर्शनाच्या कुठल्याच पत्रकात नसतो, म्हणून जरा थांबून लिहिते. दिवाळी झाली की कातकरी वाड्या रिकाम्या होतात. भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या भट्ट्यांवर माणसं जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. श्रावणात सुरू झालेला उपचार दिवाळीला तुटतो. गोळ्या संपतात, नवा दवाखाना माहीत नसतो आणि आठवड्याची खर्ची हातात पडते तो नेमका बाजाराचा दिवस असतो.

दसऱ्याच्या आसपासच्या तारखेला डॉक्टरांना सांगा, "आम्ही भट्टीवर चाललोय." जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का विचारा. केसपेपरवर औषधांची नावं स्पष्ट लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. भट्टीवर पोचल्याच्या आठवड्यात तिथलं आरोग्य केंद्र शोधून तोच कागद दाखवा. फिटच्या आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या तर एक दिवसही चुकवायच्या नसतात. आणि नवरा-बायकोनं निघण्याआधीच, तो शुद्धीत असताना, ठरवावं की खर्ची कुणाच्या हातात घ्यायची. काही जोडप्यांनी मुकादमाला तसं सांगितलेलं मी पाहिलं आहे. मुकादम हसला, पण ऐकलं.

घसरला तर

घसरणारच नाही असं धरून चालू नका. सहा महिने कोरडा राहिलेला माणूस भाच्याच्या हळदीला एक घेतो. घरात रडारड होते, "सगळं पाण्यात गेलं" म्हणतात आणि त्याच निराशेत तो पुढचे पंधरा दिवस पितो. साखरेच्या पेशंटनं लग्नात जिलेबी खाल्ली म्हणून आपण त्याच्या गोळ्या बंद करत नाही. त्याच आठवड्यात ओपीडी गाठा, जे झालं ते सांगा. रोज पिणं पुन्हा सुरू झालं असेल तर पहिले चार दिवस पुन्हा धोक्याचे धरा.

म्हसाच्या जत्रेआधी, होळीआधी, गटारीआधी डॉक्टरांची तारीख मागून घ्या. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा कल्याण-ठाण्याकडं भरतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. सोडायची इच्छा असली की पुरे. बायका-मुलांसाठी अल-अॅनॉन आहे.

घरच्या बाईला

तो प्यायलेला असताना वाद घालू नका, हिशेब मागू नका. सकाळी बोला. त्याची उधारी तुम्ही फेडू नका. दांडी मारली तर साहेबांना "ताप आलाय" असं तुम्ही कळवू नका. हात उचलत असेल तर व्यसन हे कारण म्हणून ऐकून घेऊ नका. ११२ पोलिसांचा, १८१ महिलांसाठीचा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानं घरात राहण्याचा हक्क तुमचा आहे. तो उपचार घेत असला तरी तक्रार करता येते.

फवारणीची औषधं घरात उघडी ठेवू नका. कुलपात, किल्ली दुसऱ्याकडं. पिणाऱ्यासाठी, आणि खरं सांगू, तुमच्यासाठीही. झोप उडाली असेल, भूक मेली असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर त्याच ओपीडीत स्वतःचाही केसपेपर काढा. अशा खोलीत दोन केसपेपर घेऊन बसलेली बाई मी कितीदा पाहिली आहे. नवऱ्याचा पुढं करते, स्वतःचा पदराखाली. बायकाही पितात. त्यांना आणायला घर आणखी लाजतं आणि त्या उशिरा पोचतात.

गावानं बाटली आडवी करायची असेल तर

परवान्याचं दुकान बंद करायला महिलांच्या मतदानाची तरतूद राज्यात आहे. उभी बाटली की आडवी, असं मतदान होतं. हातभट्टी मुळातच बेकायदा, तिच्यासाठी मतदान नको, पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडं तक्रार पुरे. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथल्या ग्रामसभेला मादक पदार्थांबाबत जादा अधिकार आहेत. ठराव लेखी घ्या, प्रत जपा.

पण भट्टी फोडायच्या आदल्या आठवड्यात आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवा. भट्टी फुटली की गावातल्या दहा-वीस माणसांची दारू एकाच दिवशी तुटते, आणि तिसऱ्या रात्री कुणाच्या तरी घरी मुंगळे निघतात. आशाताईंकडं रोज पिणाऱ्यांची यादी असू द्या, १०८ कुठं उभी असते ते माहीत असू द्या.

आणि ओपीडीतून उठण्याआधी पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या. ती बाजाराच्या, लावणीच्या किंवा मजुरी मिळण्याच्या दिवशी येत असेल तर तिथल्या तिथं सांगून बदलून घ्या. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, घर गळतं.